पट्ट्याचा रंग

मंगळवार, जून २००३. संध्याकाळ.

धाकट्या संजूचा टोकियोहून फोन आला. ट्रेनिंगच्या पहिल्याच दिवशी हा दोन तास उशिरा पोहोचला. पुन्हा झालं तर परत पाठवतील म्हणाला.

मी तिथे वर्षभर राहिलेय. तो निघताना बजावलं होतं, गाडीच्या डब्यावरचा रंगीत पट्टा बघू नकोस, पुढची स्टेशनच्या नावाची पाटी वाच. तिथे एका कंपनीची गाडी दुसरीच्या रुळांवरून थेट पुढे जाते. पट्टा फक्त गाडी कुणाची ते सांगतो.

"ताई, काल जागा बघायला हिरव्या पट्ट्याच्या गाडीनंच गेलतो की!"

म्हणून आज हिरव्या पट्ट्याची वाट बघत यानं निळ्या पट्ट्याच्या गाड्या सोडल्या. सगळ्या त्याच्याच स्टेशनला जाणाऱ्या!

वर आई म्हणते, "तूच नीट सांगितलं न्हाईस." अजून किती नीट?

फोन ठेवताना संजूनं हळूच विचारलं, "बरं, उद्या कुठला रंग धरू?"