पाणी ओढतं

३ एप्रिल, सोमवार

चपला बोर्डाच्या खालीच काढून ठेवल्या होत्या! तीन जोड, नीट ओळीत. भाऊ फोनवर तेवढंच पुन्हा पुन्हा सांगत होता. काल दुपारी कॉलेजची तीन पोरं समुद्रात उतरली. दोघांना त्याने बाहेर काढलं, तिसरा हाताला लागला नाही. चोवीस वर्षं जीवरक्षक आहे तो, पण त्याचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. "ताई, तुमच्या खात्याचा बोर्ड आहे तो. वाचून गेली पोरं आत."

बोर्डावर काय, तर — "सावधान! प्रतिप्रवाह प्रवण क्षेत्र."

शब्द आमच्याच परिभाषा विभागातून गेलेला. कोणत्या शहाण्याने काढला देव जाणे. सापडू दे, चांगली हजेरी घेते त्याची!

४ एप्रिल

साहेबांकडे गेले. म्हटलं, बोर्ड बदला, माणसांना कळेल असं लिहा. वीस तारखेला शाळांना सुट्टी लागते, किनाऱ्यावर पोरंच पोरं असतील. साहेब चष्मा पुसत बसले. "बाई, मान्य झालेली संज्ञा आहे. बदलायची तर समिती लागते. समिती बसणार जूनमध्ये."

"मग समुद्राला कळवू का, जूनपर्यंत दम धर म्हणून?"

हसले नाहीत. वर मलाच म्हणे, "निवृत्तीला आठ महिने राहिलेत, कशाला उगाच?" वारा येईल तशी पाठ देत खुर्चीपर्यंत आलेला माणूस, हा मला शिकवणार!

७ एप्रिल, शुक्रवार

रजा टाकली आणि किनाऱ्यावर गेले. बोर्डाशेजारी उभी राहून येईल त्याला विचारलं — याचा अर्थ काय हो?

दोन मुलांचा बाप म्हणाला, "सरकारी प्रकल्प येतोय वाटतं काहीतरी." नववीतली एक मुलगी मात्र धडाधडा बोलली, "प्रवाहाच्या उलट तो प्रतिप्रवाह! परीक्षेत होता." आणि पळत सुटली ती थेट पाण्याकडेच. आईस्क्रीमवाला म्हणे, "सावली बरी पडते बाई त्याची. लोक त्यासाठीच थांबतात."

भावाला विचारलं, तुम्ही लोक काय म्हणता याला? "तुला काय नव्याने सांगायचं?" जरा तुटकच बोलला. मग म्हणाला, "पाणी ओढतं म्हणतो. आज ओढ आहे, काल नव्हती. संपलं."

८ एप्रिल

लोक खरं काय बोलतात ते इथे तरी लिहून ठेवते. गर्दीचा लोंढा. नळाची धार. भरती-ओहोटी — कांद्याच्या भावापासून नशिबापर्यंत सगळ्याला चालते. वारं फिरतं ते निवडणुकीत, नाहीतर सासरी. आणि "प्रवाहाविरुद्ध पोहणं" फक्त सत्काराच्या भाषणात! माझ्या निरोप समारंभातही कोणीतरी म्हणणारच — बाई आयुष्यभर प्रवाहाविरुद्ध पोहल्या.

हे भावाला सांगितलं तर भडकलाच. "विरुद्ध पोहतो तोच मरतो! हातपाय गळून जातात. ओढीत सापडलं की आडवं पोहायचं, किनाऱ्याच्या कडेकडेने, पाणी सोडेपर्यंत. मग वळायचं."

बोर्डावर यातलं अक्षर नाही. शब्दांवर जन्मभर पोट भरलं मी, आणि हे मला आज कळतंय!

१२ एप्रिल

साहेबांचा नकार लेखी आला. बरं. आडवं पोहू.

बोर्ड खात्याचा. पण जीवरक्षकांच्या खोलीची भिंत त्यांच्या संघटनेची. तिला कुठली समिती?

१५ एप्रिल, शनिवार

रंगवली! निळ्या भिंतीवर पांढरी, हातभर अक्षरं. वहिनीने शिडी धरली, भाऊ खालून नुसते हुकूम सोडत होता — ओळ वाकडी जातेय, रंग ओघळतोय.

"इथे पाणी आत ओढतं. गुडघ्याच्या पुढे जाऊ नका. ओढले गेलात तर उलटं पोहू नका, आडवं पोहा."

खाली माझं नाव, हुद्द्यासकट. वहिनी घाबरली. "नाव कशाला ताई? पुसा ते." मुळीच नाही! मेमो कोणाला द्यायचा हे शोधत बसायला नको त्यांना.

कंबर मोडलीय. झोप मात्र छान लागणार.

१८ एप्रिल

आला मेमो. आठ दिवसांत खुलासा. अनधिकृत संज्ञा वापरल्याबद्दल! फ्रेम करून लावावा म्हणते.

२१ एप्रिल, शुक्रवार

काल सुट्टीचा पहिला दिवस. एक बाई लहान मुलीसकट ओढीत सापडली. भाऊ पोचायच्या आधीच, मुलीला एका हाताने धरून, आडवी पोहत वाळूला लागली. वर येऊन धापा टाकत म्हणाली, "भिंतीवर वाचलं होतं." भाऊ सांगताना रडला. मीही रडले, का लपवू?

आता खुलासा असा लिहिते की विभाग हादरला पाहिजे. आमच्याकडे प्रत्येक शब्दाचं कार्ड असतं — वर मान्य शब्द, खाली लाल पेन्सिलीने खोडलेले पर्याय, कोणी खोडले त्याची सही, माहिती कोणी दिली त्याची नोंद. सोमवारी ते कार्ड काढते. ज्याने हा शब्द लोकांच्या गळ्यात मारला त्याचं नाव खुलाशाच्या पहिल्या ओळीत टाकणार. मग तो कितीही मोठा असो!

२४ एप्रिल, सोमवार

कार्ड सापडलं. सव्वीस वर्षांपूर्वीचं. अक्षर माझं. लाल पेन्सिलही माझीच. "ओढ — बोलीतला. अग्राह्य." खाली उदाहरण म्हणून उतरवलेलं वाक्य, तेही खोडलेलं : "ओढीत सापडलीस तर आडवी पोह, ताई." माहिती देणारा : धाकटा भाऊ, वय एकोणीस.

खुलाशाच्या पहिल्या ओळीत नाव टाकलं. मग भावाला फोन लावला. मी काही बोलायच्या आत तोच म्हणाला, "आठवलं, ताई?"