दुपारनंतरचं ताट

वाघोली, २७ जुलै २०२५

चि. दीक्षा हिस अनेक आशीर्वाद आणि जयभीम. वि. वि.

फोनवर तू काय बोलतेस ते मला ऐकू येत नाही आणि मी काय बोलते ते सगळ्या सोसायटीला ऐकू जातं, म्हणून पत्र. तुमची लातूरला बदली झाली आणि अकरावीसाठी पूर्वाला माझ्याकडे ठेवलंत, तेव्हा पोरगी मोबाईलमधून मान वर काढत नाही अशी तुझी तक्रार होती. आता ऐक. आषाढ पौर्णिमेला वर्षावास सुरू झाला, मी दरवर्षीसारखं तीन महिन्यांचं अष्टशील घेतलं, म्हणजे दुपारी बारानंतर अन्न नाही. पूर्वा म्हणाली की तीही माझ्याबरोबर पाळणार. मला वाटलं, दोन दिवसांचं कौतुक. पण रोज पाळते. संध्याकाळी आम्ही दोघी लिंबूपाणी पिऊन वंदनेला बसतो. विहारातल्या बायकांना मी हे इतक्यांदा सांगितलंय की त्या आता मला पाहून रस्ता बदलतात.

बाकी क्षेम. तिचे कुर्ते सैल होतात म्हणून दोनदा आत घेतले. न्हाणीच्या जाळीत तिच्या केसांचे पुंजके अडकतात. शांपू बदल म्हटलं. जरा चिडकी झालीय, पण ते तुझ्यावर गेलं असेल. अनिरुद्धरावांना जयभीम सांग.

लोभ आहेच, त्यात खंड नको.
तुझी आई, सुंदराबाई


लातूर, ३ ऑगस्ट

ती. आईस सप्रेम जयभीम. वि. वि.

तुझं पत्र वाचून अनिरुद्ध खूश झाला आणि माझी झोप उडाली. रागावू नकोस. तुझं अंग वाढायचं थांबून जमाना झाला, तिचं अजून वाढतंय. सैल कुर्ते, केस, चिडचिड हे तू गमतीने लिहिलंस, मला वाचताना धास्ती वाटली. पौर्णिमेला विहारात यायला जी कटकट करायची, तिला एकदम शील कसं सुचलं? मला वाटतं तिला बारीक व्हायचंय आणि तुझ्या शीलाच्या आडून ते बिनबोभाट चाललंय. मी फोनवर विचारलं तर चिल कर म्हणते आणि ठेवून देते.

तू दोन गोष्टी बघ. सकाळी नेलेला डबा ती खाते का, आणि पाळी शेवटची कधी आली. मी रजेचा अर्ज टाकतेच आहे. तिच्यावर ओरडू मात्र नकोस.

राग आला तरी लोभ आटवू नकोस.
तुझी दीक्षा


वाघोली, १३ ऑगस्ट

चि. दीक्षास आशीर्वाद. वि. वि.

राग आलाच. शीलावर संशय घेणारी लेक आपणच वाढवली म्हणून उत्तरही लिहिलं नाही. रविवारी पूर्वाला घेऊन मंडईत गेले. गवार निवडून मागे वळले तर ही कांद्याच्या पोत्यावर बसलेली, ओठ पांढरे, आणि भाजीवाली तिच्या तोंडावर पाणी मारतेय. पोरगी सकाळी काय जेवली असं त्या बाईने विचारलं आणि मला सांगता येईना. मी फार घाबरले, दीक्षा.

तिथूनच डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्या आधी तिच्याशी एकटीशी बोलल्या. डबा रोज शेफाली नावाची मैत्रीण खाते. पाळी दोन महिने नाही. रिपोर्ट काल आला, रक्त बरंच कमी आहे. बाई म्हणाल्या की उंची जवळजवळ झाली असली तरी हाडं अजून भरताहेत, आत्ता जे साठेल त्यावर तिला माझ्या वयात चालायचंय. अंगाला अन्न पुरेनासं झालं की ते पाळी थांबवतं. पण कायमचं काही बिघडलेलं नाही, नीट खाऊ लागली की सगळं मार्गी लागेल, हेही त्यांनी सांगितलं. तेव्हा कुठे माझ्या जिवात जीव आला.

लोहाच्या गोळ्या दिल्यात, बोलायला एक समुपदेशक बाई दिल्यात. आणि रात्री कुणीतरी तिच्याबरोबर बसून तेच जेवण जेवायचं, न टोकता. घरात कुणीतरी म्हणजे मीच.

तुझं बरोबर होतं. हे वाक्य अनिरुद्धरावांना वाचून दाखवू नकोस. लोभ ठेव आणि लवकर ये.
तुझी आई


वाघोली, ३१ ऑगस्ट

प्रिय मम्मी, जयभीम.

आजी म्हणते पत्राला बॅकस्पेस नसतो, म्हणून विचार करून लिही. तू रजा काढून आलीस तेव्हा मी सगळं बोलले नाही. मे महिन्यात डान्स ग्रुपच्या फोटोत मी सगळ्यांत मोठी दिसत होते आणि कुणीतरी खाली हत्तीचा इमोजी टाकला. तेव्हापासूनच मी खाणं कमी केलं होतं, मग आजीचं अष्टशील सुरू झालं. मला वाटलं, परफेक्ट, आता कुणी विचारणारच नाही. उलट ती सगळीकडे माझं कौतुक करत सुटली, आणि त्याचंच मला सगळ्यांत वाईट वाटायचं.

आता ती रोज रात्री माझ्यासमोर जेवते. शील मोडू नकोस म्हटलं तर म्हणते तिला भूक लागते. खोटं आहे, मम्मी. तिला सवय नाही, पित्त होतं. विहारात एका काकूंनी विचारलंच की यंदा शील मोडलं का. आजीने सांगितलं, हो, घरात नात वाढतेय. भन्तेजी हसले आणि म्हणाले की उपाशी राहून काही हाती लागत नाही, हे तथागतांनी आधीच करून बघितलंय.

खाणं अजून सोपं नाहीये. नाचणीची भाकरी समोर आली की डोक्यात कॅलरी सुरू होतात. पण आजी मालिकेतल्या सासूला शिव्या देत जेवते, त्या नादात माझं ताट कधी संपतं ते कळत नाही.

लोभ पाठव, लेक्चर नको.
तुझी पूर्वा


वाघोली, ९ ऑक्टोबर

चि. दीक्षास अनेक आशीर्वाद. वि. वि.

रक्त चढतंय, डॉक्टरीणबाई खूश आहेत. गेल्या आठवड्यात पाळी आली. मी पेढे आणले, शेजारणीने कशाचे म्हणून विचारलं तर सांगून टाकलं. पूर्वा संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलली नाही. कुर्त्यांच्या शिवणी उसवायला घेतल्यात.

आश्विन पौर्णिमेला वर्षावास संपला. त्या दिवशी सकाळीच पूर्वाने फर्मान काढलं की आज मी शील पाळायचं, रात्री ती एकटी जेवेल. माझा विश्वास बसेना, पण बाईंनी टोकू नका म्हणून बजावलंय. पांढरी साडी नेसून मी बाहेरच्या खोलीत तिच्याकडे पाठ करून बसले. कानांनी नीट ऐकू येत नाही, त्यामुळे ती जेवते की नुसती ताटापुढे बसलीय ते कळायला मार्ग नाही. शेवटी राहवलं नाही, वळून पाहिलं. अंड्याची आमटी संपलेली, आणि ती स्वतः उठून पातेल्यातला भात दुसऱ्यांदा वाढून घेत होती. माझ्याकडे तिचं लक्षही नव्हतं.

दीक्षा, माझ्या पोटात तेव्हा कावळे ओरडत होते. इतकं बरं मला भरल्या पोटीही कधी वाटलं नाही.

तुझा लोभ आम्हा दोघींच्या वाट्याला असाच येत राहो.
तुझी आई, सुंदराबाई