मथुराकाकीची ऐरण

८ जानेवारी १९६६, शनिवार
आमची म्हातारी गेली. बाबांच्या वेळची ऐरण. तिच्या पुढच्या निमुळत्या शिंगाच्या बुडाशी भेग होतीच. आज पहारीला टोक काढताना शिंगच निखळून पायाशी पडलं. पाय वाचला. मुकादम नेमका समोर. वीजघराच्या बांधकामावरच्या पहारी, छिन्न्या माझ्याकडेच येतात. म्हणाला, "अगले शनिवार तक देखूँगा, फिर दूसरा लोहार." सरावलीत भट्टी टाकून वर्षही झालं नाही. हे काम गेलं तर पुन्हा गावोगाव विळ्या-कोयत्यांना धार लावत फिरायचं. नको वाटतं.

१० जाने., सोम.
दांडीहून मोरू आला. तारापूरच्या शाळेत एका बाकावर होतो. आता स्वतःच्या होडीचा मालक, मिशा वाढवल्यात, शोभत नाहीत. तिथल्या मथुराकाकीकडे ऐरण पडून आहे म्हणाला. तिचा नवरा गावचा लोहार, जाऊन तीन वर्षं झाली. "बुधवारी ये. पन मी दर्यावरना येईस्तोवर ऐरनीला हात लावू नको." का, विचारलं तर हसला. "तुला धीर नाय, म्हनून सांगतो."

१२ जाने., बुध.
लिहितोय, कारण न लिहून चालणार नाही.
सकाळी सायकलने दांडीला. धुकं असं, की पुढचं चाक दिसेना. मोरूची होडी पहाटेच गेलेली. काकीने चहा दिला. ऐरण किनाऱ्यावरच्या पडवीत, बाभळीच्या ओंडक्यावर. तीन वर्षं खारा वारा खाऊन माथ्यावर गंज नाही. चकचकीत. कोण पुसतं विचारलं. "पुसत नाय कोन," एवढंच.
कडा शाबूत. माथ्यावर पट्टी आडवी-उभी ठेवून पाहिली, खाली उजेड दिसला नाही, माथा सपाट. खिशातला पोलादी छर्रा वरून सोडला, तो उसळून जवळजवळ हातात परत. असं लोखंड मी पाहिलेलं नाही. राहिला आवाज. आत भेग असली तर ऐरण बद्द वाजते, दुसऱ्या कशाने कळत नाही.
काकी वाळत घातलेली मासळी उलटायला मागे गेली. जाताना म्हणाली, "वाजवू नको हां. मोरूला येऊ दे." तासभर बसलो. मग हातोडा उचलला. तीन ठोके मारले. बस, तीनच.
घंटेसारखी वाजली. थांबेना. पंजा दाबून धरला तरी पंज्याखाली वाजत राहिली.
काकी धावत आली, हातोडा हिसकावला. "ओहोटी हाय रे! काय केलंस?"
मग सांगितलं. धुक्यात भरती आली की तिचा नवरा तीन ठोके द्यायचा, आवाजाच्या रोखाने होड्या आत यायच्या. ओहोटीला नाही, कधीच नाही. खडक उघडे पडलेले असतात. "वाजली म्हंजे ते वळनार. आमची मानसं इचार करत नाय मग."
म्हटलं, तीन ठोके, इतक्या लांब कुणाला ऐकू जातील?
संध्याकाळपर्यंत सगळ्या होड्या आल्या. मोरूची नाही. परतलेल्या एका होडीचा म्हातारा तांडेल म्हणाला, "आमी पन वळनार होतो, ओहोटी हाय हे येळेवर ध्यानात आलं. सकाळपासना वाजत होती, थांबायलाच तयार नाय."

१३ जाने., गुरु.
धुकं तसंच. शोधायला गेलेल्या होड्या रिकाम्या परतल्या. चारच्या पुढे भरतीला काकी म्हणाली, आता मार. मारले. आवाजच नाही. लाकडावर मारावं तसं. छर्रा सोडला, पडला तिथेच राहिला. दोघांनी धरून आडवी केली, सगळीकडून पाहिली. भेग नाही.
मोरूची बायको पार्वती दारात उभी होती. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. "तुमी दमलात, पानी घ्या," म्हणाली. चूक माझी आहे. धीर नाही, हे त्याला शाळेपासून माहीत होतं.

१४ जाने., शुक्र. दांडी
आज संक्रांत. उद्या मुकादमाचा शनिवार. सकाळी काकीने सांगितलं, "घेऊन जा ती. मला डोळ्यासमोर नको." मुकी ऐरण घेऊन करू काय? तरी बैलगाडी आणली. तिला उचलायला हात घातला तर हाताखाली थरथरली. कुणी मारलं नव्हतं.
आणि समुद्राकडून ठोके आले. तीन. लोखंडावर लोखंड.
मोरूच्या होडीत लोखंडी नांगर आहे. तोच वाजवत असेल. तोच असणार, दुसरं मला मनात आणायचं नाही. पार्वतीने ऐकलं, काकीने ऐकलं. गाडीवाला बैल वळवून निघून गेला. माणसं जमली. आवाज कुठून आला यावर दोघांचं एकमत नाही. कोण म्हणतो उत्तरेकडून, कोण म्हणतो समोरून. होड्या काढायच्या कुठे?
"उत्तर द्या त्याला!" एक जण ओरडला. मी हातोडा उचललाही होता. पार्वतीने तो माझ्या हातातून काढून घेतला आणि मांडीवर ठेवून बसली.
अकरा वाजलेत. पूर्ण ओहोटी, खडक उघडे. आता वाजवलं तर तो सरळ त्यांच्यावर येईल. भरतीला पाच वाजतील. सगळे भरतीची वाट बघत बसलेत. मी पडवीत बसून हे लिहितोय, कारण हातांना दुसरं काम देणं भाग आहे.
आत्ता परत वाजलं. तीन. आम्ही उत्तर दिलेलं नाही, तरी मघापेक्षा जवळून.