खुरासणीच्या चटणीचा खुलासा

रुपा,

मुरबाडला पंचायत समितीच्या सभेला जातो आहे, बातमी देऊनच परत येईन. तुझ्या आई आज दुपारच्या एसटीने किन्हवलीला परत निघणार म्हणाल्या. त्यांनी बाळंतपणापर्यंत थांबावं असं तुला वाटत असेल, तर त्या पिशवी भरायच्या आत ही चिठ्ठी त्यांना वाचून दाखव.

तुझं रक्त कमी आहे म्हणून त्यांनी खुरासणी, म्हणजे कारळे, भाजून, कुटून चटणी आणली आणि मी म्हणालो, "चटणीने कुठे रक्त वाढतं? मटण आणतो." त्या एवढंच बोलल्या, "पेपरात लिवायच्या आधी चार जणांना इचारता ना, जावयबापू? मंग माझ्या चटणीचं कोणाला इचारलंत?"

काल डॉक्टरांना विचारलं. त्यांनी तक्त्यांचं पुस्तक काढलं. शंभर ग्रॅम मटणात प्रथिनं साडेअठरा ग्रॅम, तेवढ्याच खुरासणीत जवळपास चोवीस. लोह तर मटणाच्या कितीतरी पट. मटणातलं लोह अंगाला लवकर लागतं, हेही खरं. म्हणून चटणीवर लिंबू पिळ आणि गोळ्या चालूच ठेव. पण मटणाच्या वासानेच तुला उलटी होते आणि चटणीबरोबर दोन भाकऱ्या जातात, हे आईंनी पहिल्याच दिवशी पाहिलं. मला पुस्तक लागलं.

चूक झाली की आमचा पेपर खुलासा आतल्या पानावर बारीक अक्षरात छापतो. हा तू मोठ्याने वाच, शेजारच्या काकूंना ऐकू जाईल असा. मी आईंना तसं बोललो तेव्हा काकू दारातच उभ्या होत्या.

भगीरथ