चावी टपरीवर

आई, तू जिथे पॅकिंगला जायचीस त्या कंपनीचं गेट आता नकाशावर दिसतं. मोबाइलवर बोटांनी मोठं केलं की रस्ता, नाला, बसथांबा सगळं समोर येतं. माझे हे गेल्यावर घरात बोलायला कुणी उरलं नाही, म्हणून मी वाचनालयात जाऊ लागले. शाळा सातवीत सुटली, पण वाचायची सवय माझी मीच लावून घेतली होती. तिथे नकाशे करायचा वर्ग निघाला. शहराची जी सरकारी माहिती सगळ्यांसाठी खुली असते, ती उतरवून घ्यायची आणि नकाशावर बसवायची. कुणी झाडं घेतली, कुणी बसथांबे. मी बायकांची स्वच्छतागृहं मागून घेतली. चालू असेल तिथे हिरवा ठिपका, बंद असेल तिथे लाल. ठिपक्याला बोट लावलं की माहितीची चौकट उघडते. हेच का घेतलं, ते मी वर्गात सांगितलं नाही.

मी तुझ्याबरोबर पहिल्यांदा कामाला निघाले त्या सकाळी तांब्या तोंडाला लावला, तर तू तो काढून घेतलास. "पानी पिऊ नगंस. तितं जायाला जागा न्हाई." शिफ्ट सुटेपर्यंत दोघी कोरड्या. पुढे तुला जळजळ सुरू झाली, ताप यायला लागला, तोही तू अंगावर काढलास, आणि दुखणं मूत्रपिंडात उतरलं. डॉक्टर तुझ्यावर ओरडतायत, बाई, पाणी का पीत नाही, आणि तू खाली बघून हसतेस. कंपनीवर कुणी ओरडलं नाही, तू त्यातच गेलीस तरी नाही. मीही नाही.

माहितीत तुझ्या कंपनीच्याच रस्त्यावर एक स्वच्छतागृह निघालं. स्त्रियांसाठी, चालू. मला इतकं बरं वाटलं की तळवड्याच्या घरून बस धरून बघायला गेले. दाराला कुलूप. चावी शेजारच्या पानटपरीत खिळ्याला टांगलेली. टपरीवाला काही वाईट माणूस नव्हता. म्हणाला, "मावशी, मागितली की देतो. पण कोन मागतच न्हाई." सिगारेट ओढत उभ्या असलेल्यांपैकी एक बोलला, "दे लवकर, मावशीला अर्जंट दिसतंय." बाकीचे हसले. थांब्यावर शिफ्ट सुटलेल्या पोरी उभ्या होत्या. एकीनेही मान वर केली नाही.

वर्गात मी म्हटलं, हा ठिपका लाल करा. शिकवणारी मुलगी शहाणी आहे, मायाळू आहे. म्हणाली, "काकू, कुलूप उघडतं ना? मग ते चालूच. आपण मनाने रंग नाही बदलू शकत." मी विचारलं, तू मागशील का चावी, त्या माणसांपुढे? तिने रंग बदलला नाही. निदान चौकटीत तरी लिही म्हटलं, की चावी टपरीवरच्या पुरुषांकडे मागावी लागते. तिने लिहिलं, 'चावी उपलब्ध.' नकाशा सगळ्यांना दाखवला त्या दिवशी टाळ्या वाजल्या. ठिपका हिरवाच आहे. तो बघून कुणी पोरगी पोटभर पाणी पिऊन घरून निघेल आणि त्या खिळ्यापुढे येऊन उभी राहील, एवढंच माझ्या डोक्यात फिरत राहतं.

हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकू? तुलाच सांगण्यासारखं एक आहे. त्या दिवशी मलाही जायचं होतं. चावी हाताच्या अंतरावर होती, आणि वयाने मी त्या सगळ्यांच्या आईसारखी. मी म्हटलं, सहज बघायला आले होते, आणि घरची बस धरली.