पाइता कुणाचा?

१२ फेब्रुवारी १९३५
नाही म्हणजे नाही! मी खोटं बोलणार नाही.

युवक मंडळाच्या सभेत मी ‘आपले शुद्ध फिनिश शब्द’ यावर बोलायचं, असं अध्यक्ष अहवोलांनी परस्पर ठरवलंय. सुरुवात ‘पाइता’पासून करा म्हणाले — सदरा, अगदी अंगालगतचा शब्द. मी सांगितलं, नेमका तोच आपला नाही. फार जुन्या काळी समुद्रापलीकडच्या जर्मानिक लोकांकडून आलाय; स्वीडिशही त्यांच्याच कुळातली. ते हसले. “म्हणजे त्याआधी आपले पूर्वज उघडे फिरत होते का, बाई?”

मी शिकवते त्या शाळेच्या समितीवर तेच आहेत. माझे होणारे सासरेही तेच.

१५ फेब्रुवारी
ताइस्तो येऊन गेला. एका संध्याकाळचा प्रश्न आहे म्हणे. बाबांचा मान राख, उन्हाळ्यात लग्न आहे. गावोगाव लोक स्वीडिश आडनावं टाकून फिनिश घेताहेत, आणि तू अंगातला सदरा परक्यांना देऊन टाकतेस!

देत नाहीये, म्हटलं. घेतला होता, एवढंच सांगतेय.

१६ फेब्रुवारी
भाषण तेच. एक अक्षर बदलणार नाही.

२३ फेब्रुवारी
बोलले! सुरुवात ‘पाइता’पासूनच केली, तो कुठून आला ते सांगत.

अध्यक्षांनी भर सभेत पुन्हा तोच प्रश्न टाकला — पूर्वज उघडे होते का?

“उघडे नव्हते,” मी म्हटलं. “त्यांना शेजारी होते.”

मागे कुणीतरी खुदकन हसलं. अध्यक्षांनी मला खाली बसायला सांगितलं. मी शेवटचं पान वाचूनच बसले. ताइस्तो उठून गेला. त्याची आई, हिल्याबाई, पहिल्या रांगेत मान खाली घालून बसून होत्या.

२५ फेब्रुवारी
समितीचा निरोप आला : पुढच्या वर्षी शाळेत येऊ नका. अंगठी मीच परत पाठवली. खूप रडले. तरी उद्या कुणी विचारलं, तर तेच सांगेन.

२६ फेब्रुवारी
सकाळी हिल्याबाई दारात. बोलल्या त्या चक्क स्वीडिशमध्ये! लग्नानंतर नवऱ्यानं त्यांची भाषा घरात बंद केली, नावही बदललं; मुलाला कधी कळू दिलं नाही. काल जेवताना त्यांनी दोघांसमोर सगळं बोलून टाकलं.

“मी हिल्या नाही,” म्हणाल्या. “हेडविग.”

ताइस्तो फाटकाशी उभा होता. आत यायला लाजतोय, म्हणाल्या.

म्हटलं, उभा राहू दे. आधी आपण दोघी कॉफी घेऊ.