दोन डब्या

नर्सबाई,

रागवायचं तर रागवा, पण आधी ऐका. तुमच्या देशात नवीन आलेल्या सगळ्यांची जंतांची तपासणी म्हणून तुम्ही आमच्या घरी दोन डब्या दिल्यात. मुलगा इथला जुना, म्हणून एक माझी, एक सुनेची. संडासचा नमुना म्हटल्याबरोबर सुनेला उमासे आले. "आई, माझीपण तुम्हीच भरा ना!" मी मेली, भरून मोकळी झाले.

आता तुम्ही सांगता, माझी डबी साफ आणि सुनेच्या डबीत जंत. एकाच पोटातलं असं कसं हो? मला जंत आहेत का नाहीत? सुनेचं तर तुम्ही बघितलंच नाही. माझं डोकंच चालेना.

गोळ्या आल्या तिच्या नावावर. त्या मी उशाखाली ठेवल्यात, कुणीच घेतल्या नाहीत. मुलानं तिचं ताट वेगळं केलं. "माहेरून हेच आणलंस का?" म्हणतो. ती मान खाली घालून जेवते, पण माझं नाव घेत नाही.

तुम्हाला आमची भाषा येत नाही. आमचं सगळं मुलगाच तुम्हाला सांगतो. म्हणजे हेही त्यालाच वाचावं लागणार. म्हणून तर कागद घडी घालून कमरेला खोचून फिरतेय. द्यावा का चुलीत घालावा, कळत नाही.

काही झालं तरी येताना दोन कोऱ्या डब्या आणा. आणि आज सुनेचं ताट मी माझ्या ताटाला लावून मांडणार आहे. विचारू दे त्याला, का म्हणून.

दोन्ही डब्यांची मालकीण